बैठका वाढल्या, भरवसा का वाढत नाही?

या महिन्याची पत्रं चाळताना लक्षात आलं की चार जणांनी वेगवेगळ्या तोंडांनी एकच दुखणं मांडलंय. दोन गट, मध्ये संशय, आणि ‘बोलून पाहिलं, उपयोग झाला नाही’ ही तक्रार. माझं निम्मं आयुष्य कामगार आणि व्यवस्थापन यांच्या वाटाघाटींत मध्यस्थी करण्यात गेलं. त्यामुळे ‘संवाद वाढवा’ हा सल्ला ऐकला की मी आधी विचारते, कुठला संवाद, आणि कुणाच्या सोयीचा? तेव्हा आज बाकीचे विषय बाजूला ठेवून हीच चार पत्रं घेते.

प्रश्न : ताई, आमची कंपनी दुसऱ्या एका कंपनीत विलीन झाली. कागदोपत्री सगळे एक झालो, पण अजूनही ‘आपली माणसं’ आणि ‘त्यांची माणसं’ असंच चालतं. मी पर्यवेक्षक आहे. गैरसमज मिटावेत म्हणून दर आठवड्याला दोन्हीकडच्यांची एकत्र बैठक ठेवली, व्हॉट्सॲप ग्रुप काढला, कुणीही काहीही विचारावं अशी मोकळीक दिली. झालं उलटंच. बैठकीत सगळे गोड बोलतात आणि बाहेर पडले की एकमेकांच्या शब्दांचे अर्थ लावत बसतात. ग्रुपवर साध्या निरोपावरून वाद पेटतात. बदल्या आणि कपातीची यादी यायची आहे, तिचीही धास्ती सगळ्यांना आहेच. आणखी किती बोलायचं?

उत्तर : यादीचं वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता टाकलंय. माझ्या मते तुमचं सगळं पत्र त्या एका वाक्यात आहे. दोन्ही बाजूंना ठाऊक आहे की कुणाच्या तरी गळ्यावर सुरी फिरणार आहे, आणि कुणाच्या ते कुणीच सांगत नाही. अशा वेळी समोरचा ‘काय, कसं चाललंय?’ म्हणाला, तरी माणूस विचार करतो की हा आज का विचारतोय.

मॉर्टन डॉइच आणि रॉबर्ट क्राउस या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६० साली एक खेळ रचला होता. दोन खेळाडू, दोघांची एकेक काल्पनिक ट्रक कंपनी. दोघांनाही माल लवकर पोचवायचा आहे, पण जवळच्या रस्त्यावर एक पट्टा इतका अरुंद की एका वेळी एकच ट्रक जाईल. लांबचा रस्ता मोकळा आहे, पण तिकडून गेलं की तोटा. आळीपाळीने गेलं तर दोघांचाही फायदा होतो, आणि कुणाकडेच अडवायचं साधन नव्हतं तेव्हा जोड्या हे आपणहून शिकल्या. मग एकाच्या हाती फाटक दिलं, दुसऱ्याचा रस्ता बंद करायला. दोघेही तोट्यात गेले. दोघांना फाटकं दिली, तेव्हा सगळ्यात जास्त तोटा झाला. नंतरच्या प्रयोगांत त्यांना एकमेकांशी बोलायची मुभा दिली. मला नेहमी आठवतो तो भाग इथून पुढचा. मुभा असूनही बहुतेक जण फारसे बोललेच नाहीत, आणि नुसत्या मुभेने तोटाही आटोक्यात आला नाही. फरक पडला तो त्यांना शिकवल्यावर, की बोलायचं तर दोघांनाही परवडेल असा प्रस्ताव मांडा.

तुमच्याकडे फाटकं आहेत, मुभाही आहे. प्रस्ताव मात्र कुणाकडेच नाही. ‘कुणीही काहीही विचारा’ म्हणणं उदार दिसतं, पण जोखीम सगळी विचारणाऱ्यावर टाकून तुम्ही मोकळे होता. पहिलं तोंड उघडायचं काम तुमचं आहे. यादी तुमच्या हातात नसेल, हे मी समजू शकते. पण ती कुठल्या निकषांवर बनतेय, कधी येणार, तिच्यात तुमचा शब्द कितपत चालतो, यातलं जे ठाऊक आहे ते सांगा. जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही म्हणून सांगा. आणि त्यासोबत एखादी लहानशी गोष्ट जाहीर करा, जी तुमच्याच हातात आहे आणि जी दिलेल्या तारखेला होताना सगळ्यांना दिसेल. पाळ्या लावण्याचा नियम दोन्हीकडच्यांना सारखा करणं, एवढंसंही चालेल. बदल्यात कुणाकडून काही मागू नका.

ही कल्पना माझी नाही. चार्ल्स ऑसगुड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६२ साली ती शीतयुद्धासाठी मांडली होती. आधी जाहीर करा, मग सांगितल्याप्रमाणे करा, परतफेडीची अट घालू नका, आणि पावलं अशी टाका की समोरच्याने फसवलं तरी तुमचं कंबरडं मोडणार नाही. क्यूबाच्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या तोंडाशी आलं, त्याला आठ महिने होत नाहीत तोच, १० जून १९६३ रोजी, केनेडींनी एका भाषणात जाहीर केलं की इतर देश करत नाहीत तोवर अमेरिका वातावरणात अणुचाचण्या करणार नाही. सोव्हिएत वर्तमानपत्रांनी ते भाषण पूर्ण छापलं. २० जूनला दोन्ही राजधान्या थेट जोडणाऱ्या हॉटलाइनचा करार झाला आणि ५ ऑगस्टला चाचणीबंदीच्या करारावर सह्या झाल्या. या सगळ्याचं श्रेय एका भाषणाला देणं भाबडेपणाचं होईल, पडद्यामागे बरंच काही शिजत होतं. पण क्रम पाहा. आधी स्वतःचे हात बांधून घेतले, मग बोलणी.

ग्रुपबद्दल थोडक्यात. महत्त्वाचं काहीही तिथे लिहू नका. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक गोष्ट तपासली. लोकांना काही वाक्यं उपरोधाने आणि काही गंभीरपणे कळवायला सांगितली, काहींना बोलून, काहींना ईमेलवर लिहून. आपला रोख समोरच्याला कळेल याची खात्री दोघांनाही सारखीच होती, १०० पैकी ७८ वेळा. बोललेलं जवळपास तितकं कळलंही. लिहिलेलं ५६ वेळा, म्हणजे नाणं उडवून ठरवल्यापेक्षा जेमतेम बरं. हे कुठलंही वैर नसलेल्या माणसांचं. तुमच्याकडे वाचणारा आधीच दात धरून बसलाय. ‘फाईल अजून आली नाही’ या वाक्यात त्याला टोमणाच दिसणार. ग्रुप वेळापत्रकापुरता ठेवा आणि खटकलेलं काहीही फोन उचलून बोला.

आणि बैठका? कमी करा. त्यांच्याऐवजी एखादं असं काम काढा जे एका बाजूच्या माणसांना एकट्याने जमणारच नाही. मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ साली ओक्लाहोमातल्या एका शिबिरात २२ मुलांचे दोन गट केले आणि त्यांच्यात स्पर्धा लावली. मुलं हातघाईवर आली. मग त्यांना नुसतं एकत्र आणलं, एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला. तेव्हा त्यांना भांडायला आणखी एक जागा मिळाली, इतकंच. पाणी बंद पडलं, ट्रक अडला आणि सगळ्यांनी मिळून दोर ओढावा लागला, तेव्हा कुठे हळूहळू वातावरण निवळलं. एका झटक्यात नाही, अशी कामं एकामागून एक द्यावी लागली. पाणी बंद पडण्यामागे हात संशोधकांचाच होता, तेवढं तुम्ही करू नका.

प्रश्न : ताई, आमचा समाज संख्येने लहान आहे. सलोखा समितीवर आम्ही मोजकेच जण आहोत, बाकी सगळे मोठ्या समाजाचे. माणसं वाईट नाहीत. पण प्रत्येक बैठकीत ‘तुमच्याबद्दल जरा सांगा ना’ असं म्हणतात आणि मी तेच तेच सांगत राहते. पुढच्या बैठकीत पुन्हा कोरी पाटी. आता अध्यक्षांनी सुचवलंय की वादाचं बाजूला ठेवू, आपल्यात समान काय आहे तेवढंच बोलू. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र पटलं नाही. मी उगाच फाटे फोडतेय का?

उत्तर : नाही. तुमची अस्वस्थता खरी आहे, आणि तिची प्रयोगात परीक्षाही झालीय. तमर सगाय आणि सहकाऱ्यांचा २००९ सालचा प्रयोग आहे. दोन गट केले, आणि श्रेयांक वाटायचा अधिकार एकाच गटाला दिला. वाटपाआधी काही गटांना एकमेकांत समान काय आहे यावर बोलायला सांगितलं, काहींना फरकांवर. ज्यांनी समान गोष्टींवर गप्पा मारल्या त्यांच्यात अर्थातच गोडी जास्त वाढली, आणि अधिकार नसलेल्या गटाला वाटू लागलं की आता हे आपल्याला न्यायाने देतील. प्रत्यक्षात अधिकारवाल्यांनी झुकतं माप आपल्याच गटाला दिलं, फरकांवर बोललेल्यांनी दिलं होतं तितकंच. म्हणजे गोडव्याने दुबळ्या बाजूचा विश्वास वाढला, आणि तो विश्वास ठेवावा असं समोरून काहीच घडलं नाही. अशा विश्वासाला मी भूल म्हणते.

अध्यक्षांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. समान गोष्टींनी सुरुवात करणं वाईट नाही, अनोळखी माणसं तशीच जवळ येतात. पण वादाचं बाजूला ठेवायचं ते किती दिवस, आणि ते परत पुढ्यात कोण आणणार, हे त्याच बैठकीत ठरवून घ्या. नाहीतर बाजूला ठेवलेलं तिथेच राहतं.

आता ‘सांगा ना’बद्दल. मोठ्या गटाला वाटतं की अडचण माहितीची आहे, माहिती मिळाली की संशय जाईल. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी गटागटांतल्या संपर्कावरचे ५१५ अभ्यास एकत्र करून २००६ साली त्यांचा ताळा मांडला. संपर्काने पूर्वग्रह कमी होतात, हे त्यातून बऱ्यापैकी पक्कं झालं. दोन वर्षांनी त्यांनी पाहिलं की हे नेमकं कशामुळे होतं. समोरच्याची भीती कमी होणं आणि त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहता येणं, ही दोन कारणं वजनदार निघाली. नवी माहिती हे तिघांत सगळ्यात हलकं. तुम्ही इतकी वर्षं ज्या कामात घसा कोरडा करताय, ते हलकं काम आहे. तुम्ही सांगताय त्यात खोट नाही, पण तुमच्याकडून मागितलीच गेली ती माहिती, आणि माहिती विसरायला सोपी असते.

मग काय मागायचं? एमिल ब्रुनो आणि रिबेका सॅक्स यांनी २०१२ साली इस्रायली आणि पॅलेस्टिनी, तसंच अ‍ॅरिझोनातले गोरे अमेरिकन आणि मेक्सिकोहून आलेले स्थलांतरित, यांच्या जोड्या पडद्यावर समोरासमोर आणल्या. एकाने आपल्या लोकांची अडचण सांगायची, दुसऱ्याने ती आपल्या शब्दांत परत सांगायची. वरचढ बाजूच्या लोकांचं मन ऐकून परत सांगण्याने जास्त बदललं. दबलेल्या बाजूचं मन बदललं ते आपलं म्हणणं समोरच्याच्या तोंडून ऐकल्यावर. दोन्ही बाजूंना एकच औषध चालत नाही. ‘तुम्हीही आमची बाजू समजून घ्या’ हे वाक्य कानाला समतोल वाटतं, पण ज्याचं अजून ऐकलंच गेलं नाही, त्याला ते पुन्हा गप्प बसवतं.

म्हणून पुढच्या बैठकीत काही नवं सांगू नका. मागच्या वेळी मी काय सांगितलं ते तुमच्यापैकी कुणीतरी सांगा, एवढंच म्हणा. पहिल्यांदा अवघडलेली शांतता पसरेल. पसरू द्या, ती भरून काढायला तुम्ही धावू नका. कुणीतरी अर्धवट काहीतरी सांगेल. ते कुठे चुकलं तेवढं दुरुस्त करा आणि पुन्हा म्हणायला लावा, तुमच्या तोंडून ‘हो, हेच’ निघेपर्यंत. वाटाघाटींच्या टेबलावर मी हा नियमच ठेवायचे. समोरच्याचा मुद्दा त्याला मान्य होईल असा मांडल्याशिवाय त्याला उत्तर द्यायचं नाही. माणसं वैतागतात, वेळ जातो, पण नंतरची भांडणं निदान खऱ्या मुद्द्यांवर होतात.

दुसरी गोष्ट, इतिवृत्त कोण लिहितं ते बघा. मी कुठल्याही बैठकीचा कागद हातात घेतला की आधी क्रियापदं बघते. ‘सविस्तर चर्चा झाली’, ‘भावना समजून घेण्यात आल्या’, ‘दखल घेण्यात आली’. या वाक्यांना कर्ता नसतो, म्हणून जबाबदारही कुणी नसतो. तुमच्या समितीच्या इतिवृत्तात ‘अमुक जण, अमुक काम, अमुक तारखेपर्यंत’ अशी नोंद नसेल, तर ती मागा. लेखनाचं काम आळीपाळीने तुमच्याकडे येऊ द्या. आणि पुढच्या बैठकीची सुरुवात मागच्या कागदाने. झालं नसेल तर का नाही झालं, हे ज्याने शब्द दिला त्यानेच सांगायचं. कारण पटण्यासारखं असेल तर विश्वास तुटत नाही, असा माझा अनुभव आहे. विषयच निघाला नाही, तर मात्र तुटतो.

तुम्ही दमला असाल तर एखादी बैठक चुकवा. सलोख्याचा सगळा भार तुमच्याच गळ्यात नाही.

प्रश्न : माझ्या वर्गात वेगळ्या पार्श्वभूमीची मुलं-मुली आहेत. ती आपापल्यातच बसतात. मला त्यांच्याशी बोलायचंय, पण तोंडून काही चुकीचं गेलं तर? शिवाय त्यांनाच आमच्याशी बोलण्यात रस नाही असं दिसतं.

उत्तर : हेच वाक्य त्यांच्यातलं कुणीतरी तुमच्याबद्दल लिहू शकेल. निकोल शेल्टन आणि जेनिफर रिचेसन यांनी अमेरिकेतल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना नेमकं हेच विचारलं. दोन्हीकडच्यांना ओळख वाढवायची होती. दोन्हीकडच्यांना वाटत होतं की समोरच्यांना नकोय. आणि गंमत अशी की मी का बोललो नाही, तर झिडकारतील या भीतीने; ते का बोलले नाहीत, तर त्यांना रसच नाही, असा हिशेब दोघेही लावत होते. स्वतःचं गप्प बसणं भित्रेपणात जमा, दुसऱ्याचं तेच शिष्टपणात.

चुकीचं बोलण्याची भीती मात्र अगदीच खोटी नाही. कधी शब्दसुद्धा लागत नाही, नुसता सूर पुरतो. भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्परझ यांनी ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावरच्या कर्मचारी-उपाहारगृहाचं उदाहरण नोंदवलंय. तिथे नव्याने लागलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी बायका उद्धट आहेत, अशी तक्रार होती. त्या बायकांना वाटत होतं की आपल्यालाच टोचलं जातंय. ध्वनिमुद्रण ऐकल्यावर उलगडा झाला. वाढताना पदार्थाचं नाव घ्यायचं, एवढंच बोलणं. ब्रिटिश बायका ते शेवटी सूर चढवून म्हणत, म्हणजे ‘हवंय का?’ या बायका सूर खाली आणून म्हणत, आणि त्यांच्या बोलीत तीच सभ्य विचारण्याची रीत होती. ब्रिटिश कानांना मात्र ते ‘हे आहे, घ्यायचं तर घ्या’ असं ऐकू येई. मुद्रण दोघांनी एकत्र ऐकलं, त्यावर बोलणं झालं, आणि ताण उतरला.

तेव्हा चुकाल, हे धरूनच चला. गटाशी बोलायला जाऊ नका, एका माणसाशी बोला, आणि बोलायला अभ्यासाचं काही घ्या. वही मागणं पुरे. ओळखीच्या पहिल्याच दिवशी कुणाला त्याच्या समाजाबद्दल विचारू नका, तो काही प्रवक्ता नाही. समोरच्याचा चेहरा बदलला तर ‘माझं काही चुकलं का?’ एवढं तिथल्या तिथे विचारा. लांबलचक माफी नको, ती सावरायचं काम पुन्हा त्यालाच करावं लागतं.

प्रश्न : ‘त्या’ गटातल्या एका मित्रावर माझा डोळे झाकून विश्वास आहे. पण त्याच्या गटावर नाही. हा ढोंगीपणा आहे का?

उत्तर : ढोंगीपणा नाही, मन असंच चालतं. मित्राला तुम्ही अपवादाच्या खणात ठेवलंय, त्यामुळे तो कितीही चांगला वागला तरी त्याच्या गटाच्या खात्यावर काही जमा होत नाही. इराकमध्ये आयसिसमुळे घरदार सुटलेल्या ख्रिस्ती लोकांच्या हौशी फुटबॉल संघांवर सलमा मूसा यांनी केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. काही संघांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे मुस्लिम खेळाडू घेतले, काहींत ख्रिस्तीच. मिश्र संघांतले ख्रिस्ती खेळाडू पुढच्या हंगामातही मुस्लिमांबरोबर खेळायला जास्त तयार झाले, बक्षिसासाठी दुसऱ्या संघातल्या मुस्लिम खेळाडूला मतही देऊ लागले. पण मैदानाबाहेर, अनोळखी मुस्लिमांमध्ये वावरायची वेळ आली तेव्हा फारसा फरक दिसला नाही. विश्वास मैदानावर तयार झाला आणि बराचसा मैदानावरच राहिला.

माईल्स ह्यूस्टन आणि रूपर्ट ब्राऊन १९८६ पासून सांगत आलेत की एका माणसाबद्दलचं चांगलं मत गटापर्यंत पोचायचं असेल, तर तो माणूस त्या गटाचा आहे हे बोलताना डोळ्यांआड होता कामा नये. आपण नेमकं उलट करतो. मैत्री घट्ट झाली की कौतुकाने म्हणतो, ‘तू अजिबात त्यांच्यातला वाटत नाहीस.’ आणि तो हसून सोडून देतो. बहुतेक वेळा ते हसू नाइलाजाचं असतं.

हे वाक्य तुम्ही त्याला कधी म्हणालात का, ते मला कळवू नका, त्यालाच विचारा. आणि पुढच्या वेळी तो त्याच्या चार मित्रांबरोबर कुठे निघाला असेल, तर मीही येऊ का म्हणून विचारा. तिथे तुम्ही एकटे असाल आणि तुमच्या गटाबद्दल कुणीतरी काहीतरी बोलेल. ते ऐकून घ्या आणि लगेच खुलासा करायला उठू नका. घरी आल्यावर त्यातलं काय खरं वाटलं, त्याबद्दल मात्र मला जरूर लिहा.